झडप उघडली का? मालवाहू यानांच्या थ्रस्टरचा थोडा इतिहास

गेल्या दिवाळीत अनसिंगला घरी गेलो होतो. वाशिम-पुसद रस्त्यावरचं आमचं गाव. त्या दिवसांत तूर फुलोऱ्यात असते आणि फवारणीची घाई चालू असते. बाबा पाठीवरचा पंप घेऊन धुऱ्यावर बसले होते. दांडा हलवला की दाब यायचा, पण नोझलमधून फवारा निघत नव्हता. नुसते थेंब. नोझल काढून पाहिलं, साफ होतं. जाळी काढून पाहिली, तीही साफ. शेवटी सापडलं ते असं : आतल्या झडपेची गोळी औषधाच्या खरकट्यानं आपल्या जागी चिकटून बसली होती. बाबांनी पंप दोनदा जोरात आपटला, दांडा चार वेळा मारला, गोळी सुटली आणि फवारा सुरू झाला.

मग पंप पाठीवर चढवता चढवता त्यांनी विचारलं, "काय रे, तिथं वर हवाच नाही म्हणतेत, त मंग थे यान ढकलते कशाले?"

त्याचं उत्तर मी दिलं, ते पुढे सांगतो. पण पंपाच्या त्या चिकटलेल्या गोळीनं मला माझ्या पीएचडीचा अख्खा पहिला वर्षभराचा घोळ आठवला. आजची पोस्ट त्यावरच आहे. संशोधनाला नुकतीच सुरुवात करणाऱ्या, किंवा प्रवेश परीक्षेची तयारी करत सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी.

माझा विषय लहान थ्रस्टरचं मूल्यमापन. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून आलो होतो, त्यामुळे समीकरणांची भीती नव्हती. पहिल्या आरएसी बैठकीत मी छान आलेख दाखवले : दाब वाढवला की थ्रस्ट किती वाढतो, विशिष्ट आवेग किती मिळतो. सगळे आकडे इंजिन सलग चालू असतानाचे. समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला, "हे यान जोडणीच्या वेळी इंजिन सलग चालवणार आहे का?" मी गप्प. बैठकीनंतर मॅडम म्हणाल्या, "आधी इतिहास वाच. कोणती चाचणी कुठून आली ते शोध, मग तक्ता बनव."

तेव्हा मला ते शिक्षाच वाटली. आज म्हणतो, माझ्या कामाची खरी सुरुवात तिथं झाली. कारण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली : थ्रस्टरच्या चाचणीच्या तक्त्यातला जवळपास प्रत्येक रकाना कुठल्या तरी गरजेतून किंवा कुठल्या तरी फजितीतून आलेला आहे. आणि ती फजिती बहुतेक वेळा ज्वाला जिथं पेटते तिथली नसते. ती झडपेत, नळीत, दाबात असते. बाबांच्या पंपासारखी.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. विहिरीवरची मोटर सुरू केली आणि पाइपाचं तोंड हातातून सुटलं, तर पाइप मागे उसळतो. तो हवेला ढकलून मागे येत नाही. पाणी पुढे जोरात फेकलं गेलं म्हणून मागे येतो. थ्रस्टरचंही तेच. दर सेकंदाला किती वस्तुमान बाहेर फेकलं आणि किती वेगानं फेकलं, यांचा गुणाकार म्हणजे मुख्यतः थ्रस्ट. हवा नसणं ही उलट सोयच, कारण बाहेरचा दाब आडवा येत नाही.

आता मालवाहू यानाचं वेगळेपण. उपग्रह एकदा जागेवर पोहोचला की त्याला अधूनमधून थोडं सावरावं लागतं. माणूस नसलेल्या मालवाहू यानाला मात्र दुसऱ्या यानापाशी जाऊन हळूच टेकायचं असतं. म्हणजे एकाच यंत्रणेकडून दोन उलट कामं हवीत : कक्षा बदलायला लांब, दमदार जाळणी, आणि जवळ गेल्यावर अगदी बारीक टिचक्या. वर चालक नाही. काही चिकटलं तर पंप आपटायला कुणी नाही.

हे काम नियमितपणे पहिल्यांदा केलं सोव्हिएत 'प्रोग्रेस' यानानं. 'सॅल्यूत-६' हे स्थानक सप्टेंबर १९७७ मध्ये सोडलं गेलं. त्याला दोन बाजूंना दोन जोडणीची दारं होती. २० जानेवारी १९७८ला 'प्रोग्रेस-१' निघालं आणि दोन दिवसांनी स्थानकाला जोडलं गेलं. सुमारे २.३ टन माल, त्यात स्थानकाच्या इंजिनांसाठी इंधनही. त्या यानाची घडण 'सोयूझ'वरूनच घेतलेली होती. मुख्य इंजिन एका इंधनावर चालायचं आणि दिशा सावरणारे छोटे थ्रस्टर हायड्रोजन पेरॉक्साइडवर. दोन कामं, दोन वेगळ्या टाक्या. पेरॉक्साइड उत्प्रेरकावरून गेलं की वाफ आणि ऑक्सिजन होतो, ज्वाला पेटवायची गरज नाही. पण टाकीत नुसतं ठेवलं तरी ते हळूहळू विघटित होत राहतं. शिवाय एका टाकीत इंधन शिल्लक असलं तरी दुसऱ्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. १९८९ मध्ये आलेल्या 'प्रोग्रेस-एम'मध्ये हे बदललं : मुख्य इंजिन आणि छोटे थ्रस्टर एकाच इंधनसाठ्यावर आले.

संशोधकाच्या नजरेनं बघा. इथं थ्रस्टरचं मूल्यमापन 'किती जोर' या एका प्रश्नावरून सरकून 'इंधन किती दिवस टिकतं' आणि 'उरलेलं इंधन कुणाला वापरता येतं' या प्रश्नांवर आलं. तक्त्यात दोन रकाने वाढले.

तिसरा रकाना आला तो अपघातातून. २५ जून १९९७ला 'प्रोग्रेस एम-३४' हे यान 'मीर' स्थानकावरून हातानं चालवून जोडण्याचा सराव चालू होता. यान ठरल्यापेक्षा वेगात आलं, ब्रेक लावूनही वेळेत थांबलं नाही आणि 'स्पेक्टर' या भागावर आदळलं. हवा गळू लागली, तो भाग बंद करावा लागला. तिघे अंतराळवीर वाचले. तिथं थ्रस्टर बिघडला असं नाही. अंतर आणि वेगाची नीट माहिती चालवणाऱ्याच्या हातात नव्हती. पण त्यावरून एक हिशेब प्रत्येकानं वहीत करून बघावा. समजा यान ७ टनांचं आहे, वेग सेकंदाला ३ मीटर आणि थांबवायला ४०० न्यूटनचा जोर आहे. थांबायला सुमारे ५२ सेकंद आणि जवळजवळ ८० मीटर लागतात. म्हणजे निर्णय ८० मीटर आधी घ्यायचा. थ्रस्टरची जोखीम त्याच्या स्वतःच्या आकड्यात दिसत नाही, ती यानाच्या वस्तुमानाशी भागल्यावर दिसते. माझ्या पहिल्या सादरीकरणात यानाचं वस्तुमान कुठंच नव्हतं!

मग युरोपचं 'एटीव्ही'. पहिलं यान 'ज्यूल व्हर्न' ९ मार्च २००८ला निघालं. सुमारे २० टनांचं धूड. चार मुख्य इंजिनं, प्रत्येकी ४९० न्यूटन. दिशा आणि ब्रेकसाठी २२० न्यूटनचे २८ थ्रस्टर. मुख्य इंजिनं अपोलो मोहिमांसाठी १९६०च्या दशकात घडवलेल्या 'आर-४डी' घराण्यातलीच. जुनं, पारखलेलं इंजिन उगाच बदलत नाहीत, हाही एक धडा. पण निघाल्यावर लगेच अडचण आली. इंधन आणि ऑक्सिडायझर यांच्या दाबात फरक दिसला आणि थ्रस्टरच्या चार साखळ्यांपैकी एक यंत्रणेनं आपणहून बंद केली. एकही थ्रस्टर जळाला नव्हता, फुटला नव्हता. तरी सात थ्रस्टर एका झटक्यात कामातून गेले. ती यंत्रणा पुन्हा सुरू करून साखळी परत मिळवली आणि ३ एप्रिलला यान स्थानकाला जोडलं गेलं.

पाच वर्षांनी, १ मार्च २०१३ला 'ड्रॅगन' यानाची दुसरी मालवाहू फेरी निघाली. ४०० न्यूटनचे १८ 'ड्रॅको' थ्रस्टर, चार गटांत. रॉकेटपासून वेगळं झाल्यावर चारपैकी तीन गट सुरूच होईनात. ऑक्सिडायझरच्या टाक्यांवर हेलियमचा दाब येत नव्हता, कारण वाटेतल्या एकदिशा झडपा चिकटल्या होत्या. जमिनीवरून आज्ञा पाठवून झडपेच्या अलीकडे दाब साठवला, मग एकदम सोडला. असं करत झडपा मोकळ्या केल्या. यान एक दिवस उशिरा, ३ मार्चला स्थानकावर पोहोचलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटाच हसलो होतो. बाबांनी पंप आपटला, त्यांनी हेलियमचा दणका दिला. भौतिकशास्त्र तेच.

आता आपल्याकडे येऊ. भारताचं स्वतःचं मालवाहू यान अजून नाही, पण त्याला लागणारी थ्रस्टरची विद्या अनेक वर्षांची आहे आणि तिच्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर यांचं नाव आपण घन इंधनासाठी घेतो. 'एसएलव्ही-३'च्या यशामागे ते काम होतं. घन इंधन दमदार, साठवायला सोपं. पण एकदा पेटलं की संपेपर्यंत जळतं. १९८१ मध्ये 'अ‍ॅपल' उपग्रहाला त्याच्या कक्षेत नेणारी मोटर 'एसएलव्ही-३'च्या चौथ्या टप्प्यावरून केलेली होती : एकदाच पेटणार, तेवढ्यात काम झालं पाहिजे. हळूच टेकायचं असेल, थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं असेल, तर द्रव इंधनाला पर्याय नाही. १९९२च्या 'इन्सॅट-२ए'पासून ४४० न्यूटनचं द्रव इंजिन आपल्या उपग्रहांचं नेहमीचं इंजिन झालं. त्याचं इंधन आणि ऑक्सिडायझर एकमेकांना भेटताच पेटतात, ठिणगी लागत नाही. म्हणजे 'चालू-बंद' ही सगळी जबाबदारी झडपेवर! मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात इस्रोसाठी रॉकेटची 'विकास' इंजिनं बनतात आणि उपग्रहांचे थ्रस्टरही. विक्रोळी स्टेशनवरून लोकलनं जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

या इंजिनाची खरी परीक्षा मंगळयानानं घेतली, आणि संशोधन शिकणाऱ्यानं ती गोष्ट बारकाईनं वाचावी. ५ नोव्हेंबर २०१३ला यान निघालं. ११ नोव्हेंबरला कक्षा उंचावण्याच्या चौथ्या खेपेला वेगात १३० मीटर प्रतिसेकंद भर पडायला हवी होती, पडली फक्त ३५. काय झालं? इंधनाच्या झडपेला दोन विद्युत वेटोळी होती, एक मुख्य आणि एक राखीव. ठरलेल्या चाचणीचा भाग म्हणून दोन्हींना एकाच वेळी वीज दिली, तेव्हा इंजिनाकडे जाणारा प्रवाहच थांबला. दोन्ही वेटोळी एकेकटी नीट चालत होती. राखीव व्यवस्था मुख्य व्यवस्थेबरोबर एकदम वापरली तर काय होतं, हे तिथं कळलं. छोट्या थ्रस्टरनी काम पुढे रेटलं आणि दुसऱ्या दिवशी जादा जाळणी करून उणीव भरून काढली.

त्यानंतर इंजिन सुमारे ३०० दिवस झोपलं. ऑक्सिडायझर फार गंजवणारा. इतके दिवस त्याच्या सहवासात झडपा आणि नळ्या नीट राहतील का, हा प्रश्न होता. म्हणून इस्रोनं आधीच पर्यायी नळ्या आणि झडपांची समांतर वाट ठेवली होती. २२ सप्टेंबर २०१४ला जेमतेम ४ सेकंद इंजिन चालवून पाहिलं. २४ तारखेला ते सुमारे २३ मिनिटं चाललं, सोबत २२ न्यूटनचे आठ थ्रस्टर होते, आणि यान मंगळाच्या कक्षेत गेलं. आपण टाळ्या वाजवल्या त्या २३ मिनिटांना. मला मात्र आता ते ४ सेकंद जास्त मोलाचे वाटतात.

टेकण्याची विद्या 'स्पेडेक्स'नं दाखवली. ३० डिसेंबर २०२४ला प्रत्येकी सुमारे २२० किलोची दोन याने सोडली. ७ जानेवारीला ठरलेली जोडणी पुढे गेली. नंतर जवळ येताना सरक अपेक्षेपेक्षा जास्त दिसली म्हणून परत थांबले. १२ जानेवारीला ३ मीटरपर्यंत येऊन मागे फिरले आणि १६ जानेवारी २०२५ला जोडणी झाली. टेकतानाचा वेग सेकंदाला १० मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा होता.

इथं पुन्हा वही काढा. समजा २२ न्यूटनचा थ्रस्टर २० मिलिसेकंद उघडला. आवेग झाला ०.४४ न्यूटन-सेकंद. २२० किलोच्या यानाला त्यातून सेकंदाला २ मिलिमीटर वेग मिळतो. आता झडप बंद व्हायला १० मिलिसेकंद उशीर झाला, तर २ चे ३ होतात. दीडपट! लांब जाळणीत हा उशीर दिसतही नाही. जोडणीच्या वेळी तोच सगळं बिघडवू शकतो. आरएसीमधल्या सरांचा प्रश्न नेमका हा होता. मी थ्रस्ट मोजत होतो, मोजायची होती टिचकी.

त्यानंतर मी प्रयोगशाळेतल्या साध्या नायट्रोजन वायूच्या थ्रस्टरवर टिचक्या मोजायला बसलो. आकडे रोज वेगळे. दोन-अडीच महिने मी सेन्सरला शिव्या घातल्या. शेवटी मंगळयानाच्या वेटोळ्यांची गोष्ट डोक्यात होती म्हणून झडपेच्या वेटोळ्यावरचा व्होल्टेज टिचकीच्या क्षणी मोजला. तो खाली बसत होता! वीजपुरवठ्याची क्षमता कमी, म्हणून झडप कधी लवकर उघडायची, कधी उशिरा. थ्रस्टर निर्दोष होता. इतिहास वाचला नसता, तर मी आजही सेन्सर बदलत बसलो असतो.

तेव्हा तक्ता आता असा झाला आहे. सलग चालताना थ्रस्ट आणि विशिष्ट आवेग, तेही निर्वात कक्षात. कारण अवकाशासाठी केलेल्या रुंद नोझलमधला प्रवाह जमिनीवरच्या हवेच्या दाबात भिंतीपासून सुटतो आणि आकडे फसवतात. त्यानंतर सर्वांत लहान टिचकी केवढी आणि हजारदा दिली तर तेवढीच राहते का. टाकीतला दाब उतरत गेला तर काय होतं. इंधन आणि ऑक्सिडायझरचं प्रमाण चुकलं तर भिंत किती तापते. बंद केल्यावर उरलेली उष्णता झडपेपर्यंत मागे सरकते का. बरेच दिवस झोपवून पुन्हा उठवला तर उठतो का. आणि एक थ्रस्टर, एक झडप किंवा एक साखळी गेली तर बाकीचे यान सावरतात का.

तुमचा विषय थ्रस्टर नसेल. कदाचित मातीतला नायट्रोजन असेल, नाहीतर बॅटरी. तरी सिनॉप्सिस लिहिण्याआधी हा व्यायाम करा. तुमच्या क्षेत्रात सगळे मोजतात अशा पाच गोष्टींची यादी करा. प्रत्येकीसमोर लिहा : ही पहिल्यांदा कुणाला, कशामुळे मोजावीशी वाटली? जिथं उत्तर सापडत नाही, तिथं थांबा. एक तर ती मोजणी सवयीनं चालली आहे, किंवा तुम्ही अजून पुरेसं वाचलेलं नाही. दोन्हींत संशोधनाला जागा आहे. आणि यशाच्या बातम्यांपेक्षा बिघाडाची निवेदनं आधी वाचा. ती छोटी असतात, पण प्रत्येक शब्द कमावलेला असतो.

ही गोष्ट संपलेली नाही. २९ जानेवारी २०२५ला सोडलेल्या 'एनव्हीएस-०२' उपग्रहाची कक्षा उंचावता आली नाही. इस्रोनं कारण सांगितलं ते एका ओळीचं : ऑक्सिडायझर आत सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत. आठवडाभरही झाला नव्हता त्या उपग्रहाला वर जाऊन. त्याच वर्षी ११ जुलैला महेंद्रगिरीत गगनयानाच्या सेवा-भागाच्या प्रणोदन यंत्रणेची ३५० सेकंदांची चाचणी यशस्वी झाली. तिच्यात ४४० न्यूटनची पाच इंजिनं आणि १०० न्यूटनचे सोळा थ्रस्टर आहेत. त्या यानात एक दिवस माणसं बसणार आहेत. आणि आयआयटी मुंबईतून पुढे आलेली एक कंपनी, 'मनस्तु स्पेस', पेरॉक्साइडवर आधारलेल्या कमी विषारी इंधनाचे थ्रस्टर करते आहे; 'स्पेडेक्स'च्याच रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर तिची यंत्रणा अवकाशात गेली होती. पहिल्या 'प्रोग्रेस'चं ते रसायन नव्या रूपात परत आलं. टिकवण्याचा जुना प्रश्नही त्याच्यासोबत आला असणार. कुणाला पीएचडीचा विषय हवा असेल, तर घ्या.

बाबांना मी पाइपाचं उदाहरण दिलं, ते त्यांना लगेच पटलं. मग ड्रॅगनची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी पंप धुऊन ठेवताना मात्र त्यांनी गोळी काढली, स्वच्छ पाण्यातून दोनदा काढली, आणि मला हाक मारून दाखवली. "आता पाय बरं, चिकटते का." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी साध्या पाण्याची एक फवारणी मारून पाहिली. चार सेकंदांची असेल.